सात नंबरची पंगत

गुरुवार, १९ डिसेंबर २०२४. शाळेची वार्षिक सहल. हजर: इयत्ता सहावी व सातवीचे मिळून चौऱ्याऐंशी विद्यार्थी, मुख्याध्यापक, पाच शिक्षक (सहलप्रमुख मी), दोन बसचालक. गैरहजर तीन, तिघांच्याही घरून चिठ्ठ्या आल्या होत्या. दुपारी दोननंतर हजर: पार्कचे व्यवस्थापक आणि प्रथमोपचार खोलीतल्या परिचारिका.

ही हजेरी मी त्याच संध्याकाळी परतीच्या बसमध्ये लिहिली. तिच्यात एक नाव नाही. केसरबाई, राहणार केदारखेडा, वय साठीच्या आसपास, काउंटर नंबर सात. ज्या बाईच्या हातचं आमच्यातल्या बहुतेकांनी त्या दुपारी खाल्लं, तिचं नाव हजेरीत लिहायचं मला सुचलं नाही. आज लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे. राग कोणाकोणावर, ते पुढे येईलच.

निमित्त असं झालं. आसपासच्या शाळांच्या सहलप्रमुखांचा आमचा एक मोबाइलवरचा गट आहे. गेल्या आठवड्यात तिथे विचारणा आली, ‘मॅडम, पार्कातल्या खाण्याच्या काउंटरची तुमची यादी यंदाही टाका ना. कुठे लवकर मिळतं, कुठे पोरं ताटकळतात, ते कळलं की बरं पडतं.’ ही यादी मी तीन वर्षं करत आले. तिन्ही वर्षं तिच्यात पहिलं नाव सात नंबरचं होतं. आता तिथे बर्गर मिळतो. सात नंबरची बाई कुठे गेली, हे गटातल्या एकानेही विचारलं नाही.

भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्याला हे पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचा डायनोसॉर. जुन्या जालन्यातल्या आमच्या शाळेची मुलं वर्षभर त्याची वाट पाहतात. पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा फाटकावरच आमचे डबे काढून घेतले. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई. आमच्या मुलांच्या आया मोंढ्यात धान्य निवडतात, कापडाच्या दुकानांतून झाडलोट करतात. त्यांनी पहाटे उठून केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रखवालदाराने एका निळ्या पिंपात टाकली. परत जाताना घेऊन जा, म्हणाला. चौऱ्याहत्तर डबे एकावर एक. परत घेताना कुणाचा कुठला ते ओळखूही येत नव्हतं, आणि चटणीचं तेल सगळ्यांना लागलं होतं.

आत सात काउंटर. तेव्हा प्रत्येकाचं वेगळं कुपन होतं. एक नंबरला पिझ्झा: भट्टी एकच, एका वेळी चार निघत. दोन नंबरला बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि थंड पेयं: लवकर मिळतं, पण त्यावर मूल तासभरही टिकत नाही. तीन नंबरचा डोसा चांगला, पण तवा दोनच. चार नंबरच्या नूडल्सला मुलं सगळ्यात आधी धावतात आणि अर्ध्या टाकून देतात. पाचवर वडापाव आणि बर्गर, सहावर भेळ आणि गोळा. तीन नंबरच्या रांगेत आम्ही एक तास दहा मिनिटं उभे होतो. सव्वा वाजून गेला तरी चाळीस मुलांना काही मिळालं नव्हतं. सहावीतली एक मुलगी रांगेतच खाली बसली.

तेवढ्यात मागून, पाण्याच्या पंपाच्या खोलीकडून, आवाज आला. “ओ म्याडम! लेकरं कामून उन्हात उभी करून राह्यल्या? इकडं आणा की जल्दी!”

मी वळून पाहिलं. हिरवं नऊवारी, कपाळावर ठळक गोंदण, कमरेला पदर खोचलेला, हातात पिठलं ढवळायचा लांब दांड्याचा डाव. पार्कातली सगळ्यात वाईट जागा त्यांना दिली होती. एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला संडासं. पण मधे एक जुना कडुलिंब होता. त्याच्याखाली त्यांनी ताडपत्र्या अंथरल्या होत्या.

“कुपन कुठे काढायचं?” मी विचारलं.

“कुपन मागून. आधी बसवा. दोन रांगा, तोंडं समोरासमोर. मधी वाट सोडा, मला चालाया पायजे.”

बाकी सगळ्या काउंटरवर माणूस जेवणाकडे जायचा. इथे जेवण माणसाकडे यायचं. एवढाच फरक, पण तो पार्कातल्या एकाही हुशार माणसाला सुचला नव्हता. केसरबाई पुढे, मागे त्यांची सून सविता. एकीने भाकरी टाकायची, दुसरीने पिठलं. मग फिरून कांदा, ठेचा. तिसऱ्या फेरीला वरण-भात. ताटं स्टीलची, आधीच मांडून ठेवलेली. शेवटच्या मुलाच्या ताटात पिठलं पडलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला मुलं हात धुऊन पळाली होती. जो जलद सेवेचा फलक सहा दुकानांवर लावला होता तो या बाईच्या दुकानावर नव्हता.

शिक्षकांना पहिल्या फेरीत बसायची परवानगी नव्हती. आम्ही रांगेच्या टोकाला मांडी घालू लागलो तर म्हणाल्या, “तुमी उठा. तुमी वाढाया लागा. लेकरांचं झालं की मंग तुमचं बराबर होतंय.” आमचे मुख्याध्यापक हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या हातात केसरबाईंनी ताकाची किटली दिली. “सर, तुमी ताक धरा. हातात काही नसलं की माणूस भाषण करतो.” मुलं इतकी हसली की दोघांना ठसका लागला. मुख्याध्यापक हसले नाहीत. पण ताक वाढलं.

त्याच पहिल्या दिवशी आमच्या एका सहकाऱ्याने, ताटावर बसण्याआधी, हळूच विचारलं, “किचन कोणाचं आहे हे? म्हणजे... कोण बाई?” अशा विचारण्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. मलाही कळला आणि मी गप्प राहिले. केसरबाई गप्प राहिल्या नाहीत. डाव पातेल्यावर आपटून म्हणाल्या, “माझं है. नाव विचारा, गाव विचारा, आडनावबी विचारा. समदं सांगते. मंग भूक लागली का ते लेकरांना विचारा.” आणि त्यांनी खणखणीत आवाजात आपलं आडनाव सांगितलं, दोन्ही रांगांना ऐकू जाईल असं. सहकाऱ्याने त्या दिवशी आपलं पोट बरं नसल्याचं सांगितलं. पुढच्या दोन्ही वर्षी, नेमक्या सहलीच्या दिवशी, त्यांचं पोट बरं नव्हतं.

केसरबाई गोड बोलणाऱ्या नव्हत्या, हे लिहायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला कोणी प्रेमळ आजी डोळ्यासमोर येईल. त्या खेकसत. ताटात टाकणाऱ्या मुलाच्या शेजारी उकिडव्या बसत आणि तो घास संपेपर्यंत उठत नसत. एकाने बर्गरसाठी रडायला सुरुवात केली तर म्हणाल्या, “खा की बर्गर, मी न्हाई म्हणते का? आधी एक भाकर खा. मंग त्यो बर्गर पोटात नीट बसतो, न्हाईतर लोळत ऱ्हातो.” पोरगा रडता रडता दोन भाकरी खाऊन गेला. माझ्या वहीवर त्यांचा फार डोळा. “लिव्हा, लिव्हा. पिठलं गार झालं तेबी लिव्हा,” असं म्हणून गरम पिठलं माझ्या ताटात वाढत, आणि मी वही मिटेपर्यंत पुढे जात नसत.

त्यांचा कामाचा एक नियम होता. आदल्या दिवशी फोन झालाच पाहिजे. नुसता आकडा सांगून चालत नसे. “बारीक किती, मोठे किती? तिखट न खाणारे किती? उपासाचे किती?” मी एकदा म्हटलं, अंदाजे पंच्याऐंशी धरा. फोनवर लगेच उत्तर आलं, “म्याडम, अंदाजे लेकरू आसतंय का?” तेव्हापासून मी त्यांच्यासाठी वेगळा कागद करू लागले. नाव, इयत्ता, तिखट, उपास. तो कागद सकाळी त्यांच्या हातात द्यायचा, त्या सुनेकडून वाचून घेत आणि दुपारी मला परत देत.

मी त्यांच्याबद्दल गटावर लिहिलं. मला वाटलं, चांगलं काम केलं. पुढच्या हंगामात आठ-दहा शाळा सरळ लिंबाखाली बसू लागल्या. पिझ्झ्याच्या भट्टीसमोर माणूस दिसेना. व्यवस्थापकांना ते दिसलं. तिशी-पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा माणूस. कायम ‘मॅडम, आपल्याला सिस्टीम पाळावी लागते’ म्हणणारा. त्याने आधी ताडपत्र्या काढायला लावल्या, पार्कात गबाळं दिसतं म्हणून. केसरबाईंनी पोती अंथरली. मग त्याने कुपनाऐवजी पैसे भरायची कार्डं आणली आणि पाटी लावली, ‘प्रत्येक ग्राहकाने स्वतंत्र कार्ड स्कॅन करावे.’ मग उपासाचे पदार्थ करायला बंदी केली, ते दोन नंबरच्या काउंटरला दिले म्हणाला. दोन नंबर पार्कच्या मालकीचं आहे, बाकीचे ठेक्याने दिलेले.

अठरा डिसेंबरला मी फोन केला तेव्हा केसरबाईंनी ही बंदी सांगितली. सहल गुरुवारी ठेवू नका, मार्गशीर्ष आहे, असं मी शाळेत आधीच म्हटलं होतं. बसची तारीख तीच मिळाली. उपासाचे सहा, मी म्हटलं. चार मुली, दोन मॅडम.

“भगर करू देत न्हाईत आता,” केसरबाई म्हणाल्या. “दोन नंबरवाल्याकडं बटाटे है म्हणे. त्या पोरींना केळं द्या म्याडम, घरून आणा. नुसत्या बटाट्यावर पाळण्यात बसवू नगा.”

मी हो म्हटलं. केळी घ्यायची राहिली. सकाळी सहाला बसचं टायर, मग दोन मुलांची वाट पाहणं. केळ्यांच्या गाडीपाशी थांबणं झालं नाही. माझ्या कामाच्या यादीत ते सातवं होतं आणि त्याच्यापुढे खूण नाही.

साडेबारा ते एकपर्यंत लिंबाखाली पंगत झाली. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात. ऐंशी मुलं आणि चालक-शिक्षक. उपासाच्या सहाजणींनी दोन नंबरवर बटाट्याच्या काड्या आणि थंड पेय घेतलं. मी त्या सहांमधली एक होते. तनुजा माझ्या शेजारी बसून खात होती. सातवीतली, काटकुळी, पुढच्या बाकावरची. आईसोबत पहिल्यांदाच गुरुवार धरला होता.

दोन वाजता ती गोल फिरणाऱ्या मोठ्या पाळण्यात बसली. त्या रांगेत मुलींना मी उभं केलं होतं. पाळणा थांबायचा तेव्हा थांबला नाही. मी खाली उभी होते. दोनदा हात केला, चालवणारा मोबाइलवर बोलत होता. उतरल्यावर तनुजाने चार पावलं टाकली, उलटी केली आणि पडली. तिच्या मागोमाग आणखी दोघांना उलट्या झाल्या. ती दोघंही त्याच पाळण्यातली. पाळण्यात न बसलेल्या एकाही मुलाला काही झालं नाही.

परिचारिकेने मीठ-साखरेचं पाणी दिलं. तीन वाजेपर्यंत तिघंही उठून बसली. तनुजा म्हणाली, “मॅडम, काका थांबवतच नव्हते.” ते परिचारिकेनेही ऐकलं, व्यवस्थापकाने ऐकलं, मुख्याध्यापकांनी ऐकलं.

सव्वातीनला व्यवस्थापक एक छापलेला कागद घेऊन आला. इतक्या लवकर त्या पार्कात मी कुठली गोष्ट मिळालेली पाहिली नव्हती. ‘सदर विद्यार्थिनीने काउंटर क्र. ७ येथे भोजन केल्यानंतर तिला उलट्यांचा त्रास सुरू झाला. अन्नातून बाधा झाल्याचा संशय आहे.’ खाली मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख यांच्या सह्यांच्या जागा. पाळण्याचा शब्द कुठे नाही.

मी म्हटलं, “सर, तनुजा तिथे जेवली नाही. तिचा उपास आहे.”

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, नीट विचार करा. पाळण्याचं लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, उपाशी मुलीला पाळण्यात बसवलं कोणी? जेवणाचं लिहिलं तर आपल्यापर्यंत काही येत नाही. मुलगी बरी आहे. बस काढायची आहे.”

“फॉर्मॅलिटी आहे मॅडम,” व्यवस्थापक म्हणाला. “कोणाचं काही नुकसान नाही.”

केसरबाईंना तोवर कोणीतरी कळवलं होतं. त्या पिठाचे हात तसेच घेऊन आल्या आणि प्रथमोपचार खोलीच्या दारात थांबल्या; आत कोणी बोलावलं नाही. त्यांनी तनुजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्याडम, ही पोरगी माझ्याकडं जेवलीच न्हाई. तुमच्या कागदावर आसंल बघा. उपासाच्या रकान्यात.”

तो कागद माझ्या पर्समध्ये होता. चार घड्या घातलेला. दुपारी त्यांनीच मला परत दिला होता. तो काढायला मला किती वेळ लागला असता? तीन सेकंद. मी म्हणाले, “केसरबाई, नंतर बघू. बस निघायचीय.”

आणि सही केली. वाचून, समजून, आडनावासकट.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ज्या बाईने एका कांद्यासाठी पोरांना धारेवर धरलं असतं, ती बाई पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “मंग आता मी कोणाला विचारू?” मुख्याध्यापक मोबाइल पाहू लागले.

त्याच संध्याकाळी काउंटरला कुलूप लागलं. उरलेलं पिठलं तपासायला कोणी नेलं नाही. नेलं असतं तर सगळा बनाव उघडा पडला असता. महिनाभरात तिथे बर्गर आला. लिंबाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधून त्यावर एक प्लास्टिकचं अस्वल बसवलं. पाळणा मात्र एक दिवसही बंद झाला नाही.

फेब्रुवारीत केसरबाई शाळेत आल्या. केदारखेड्याहून बसने, मग स्टँडवरून पायी. मधल्या सुट्टीत शिपायाने मला बोलावलं. व्हरांड्यात बाकाच्या कडेला बसल्या होत्या. तालुक्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकी घेणार होते, जूनपासून. त्यांची आणि सुनेची, दोघींची सोय झाली असती. पण तिथे बातमी आधीच पोचली होती.

“म्हणून राह्यले, पार्कातली विषबाधावाली बाई तुमीच ना. मी म्हणलं न्हाई. ते म्हणले कागद आणा.” त्या माझ्याकडे वळल्या. “मला खर्चा नगं, भरपाई नगं. मला कागद पायजे. तुमी सही केल्ती ना, तसाच दुसरा. ही पोरगी माझ्याकडं जेवली न्हाई, बस. दोन वळी.”

मी म्हटलं, आठ दिवसांत देते. त्यांना चहा घ्या म्हटलं. “घेतल्ता स्टँडवर,” म्हणाल्या, आणि उठल्या.

मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, सोबत उपासाच्या कागदाची प्रत. त्यांनी वाचला आणि खणात ठेवला. “आपलीच सही आपणच खोटी ठरवायची? मग चौकशी लागेल. आणि मॅडम, त्या पाळण्याच्या रांगेत मी नव्हतो, तुम्ही होता.” मी म्हटलं, सर, त्या बाईचं पोट आहे त्यावर. ते म्हणाले, “तिची ओळख काय, तुमची नोकरी काय. तुलना करा.” ही तुलना त्यांना कशाच्या आधारावर इतकी सोपी वाटली, ते मी सिद्ध करू शकत नाही. पण त्यांनी तिचं आडनाव पहिल्या वर्षी माझ्याइतक्याच स्पष्टपणे ऐकलं होतं, एवढी नोंद करून ठेवते.

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग मार्च, परीक्षा, पेपर तपासणी. मी मसुदे लिहिले. एकात पाळण्याचा उल्लेख होता, तो काढला. एकात माझं नाव नव्हतं, तोही फाडला. जूनमध्ये वसतिगृहात दुसरी बाई घेतली. मला हे फोनवर सविताने सांगितलं. सासूने फोन हातात घेतला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी केदारखेड्याला गेले. घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, समोर सारवलेलं अंगण. केसरबाई घरी नव्हत्या. कापूस वेचायला गेल्या होत्या, दुसऱ्यांच्या शेतात. साठीची बाई, गुडघे धरलेले. दुपारी आल्या. बोटांच्या टोकांना बोंडांचे ओरखडे. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. हात-पाय धुतले, पोतं अंथरलं आणि म्हणाल्या, “बसा.”

मी म्हटलं, जेवायला आले नाही.

“मला म्हाईत है तुमी कशाला आल्या. बसा.”

चुलीवर त्यांनी भाकरी टाकली. मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, आणि माझी तयारी होती. शिव्या खाल्ल्या की माणसाला थोडं फिटल्यासारखं वाटतं. ती सोय त्यांनी मला दिली नाही. वाढलं. ताटात कांदा ठेवला. समोर उकिडव्या बसल्या, पोरांसमोर बसत तशा, आणि मग बोलल्या.

“तुमी लई लिव्हता म्याडम. कोण आलं, कोण न्हाई आलं, पिठलं किती मिन्टात वाढलं. समदं लिव्हता. एवढं एक न्हाई लिवलं.”

“चुकलं माझं.”

“चुकलं बिकलं न्हाई. चूक आसती तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली आसती. तुमी भेल्या. भ्या की. मी बी भेते. पर मी भेले म्हणून कोणाच्या ताटात माती न्हाई टाकली.”

हातातला घास मी ताटात परत ठेवला. त्या उठल्या नाहीत. मी तो गिळेपर्यंत बसून राहिल्या.

निघताना मी विचारलं, कागद मिळाला तर आता उपयोग होईल का? “वसतिगृहात न्हाई होणार,” म्हणाल्या. “गेली ती जागा. पर गावात लग्न आसलं तरी आता मला बोलवत न्हाईत. आधी मोठं पातेलं माझ्याबिगर हलत नव्हतं. सविताला बी शाळेच्या खिचडीला घेत न्हाईत, माझी सून म्हणून. तिचं तर नाव बी न्हाई त्या कागदावर.” मग म्हणाल्या, “मी मरंन तवा बी म्हणतील, ती विषबाधावाली. मला तसं मरायचं न्हाई.”

एवढं त्यांनी माझ्याकडे मागितलं आहे. दुसरं काही नाही.

परतल्यावर मी तनुजाच्या घरी गेले. आई मोंढ्यात धान्य निवडून नुकतीच आली होती, केसांत कोंडा. सगळं सांगितल्यावर ती माझ्यावरच उखडली. “माझ्या पोरीच्या नावावर असा कागद केला? आन मला विचारलं बी न्हाई? तिचा तर गुरुवार होता! आना इकडं, कुठं करायची सही?” मी प्रतिज्ञापत्र तयार करून नेलं होतं. मजकूर आठ ओळींचा. तनुजाने दोन नंबरवर काय खाल्लं, पाळणा कसा थांबला नाही, तिला रांगेत कोणी उभं केलं. तो शेवटचा तपशील या वेळी मी काढला नाही. आईने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, दोनदा तपासली, तनुजाकडून वाचून घेतली.

परवा मुख्याध्यापकांनी यंदाच्या सहलीचं पत्रक काढलं. ठिकाण तेच, सहलप्रमुख मीच. पत्रक देताना ते म्हणाले, मागचं सगळं मिटलंय, आता उकरू नका. त्यांचं मिटलं असेल. व्यवस्थापकाचंही मिटलं. पाळणा फिरतो आहे. केदारखेड्यात एक बाई अजून दुसऱ्याचा कापूस वेचते आहे, आणि त्याला जेवढी त्यांची लबाडी कारण आहे, तेवढाच माझ्या पर्समधला घडी न उलगडलेला तो कागदही.

गटावर मी अजून यंदाची यादी टाकलेली नाही.

नोटरी कोर्टासमोर बसतो, साडेदहा ते पाच. शाळेपासून रिक्षाने वीस मिनिटं. उपासाच्या कागदाची प्रत जोडून झाली. पासपोर्ट आकाराचे दोन फोटो लावून झाले. तनुजाच्या आईची सही झाली आहे. तिच्याखाली दुसरी जागा आहे, माझ्या नावाची. ती अजून कोरी आहे.